क्लाउडचे भाडे आणि इंजिनिअरचा हुनर

आपल्यापैकी पुष्कळांची खाती, बिले आणि मालाची नोंद आता दुकानातल्या कपाटात नसून परक्या कंपनीच्या संगणकावर असते. यालाच क्लाउड म्हणतात. ढग वगैरे काही नाही. दूरच्या गोदामात रांगेने ठेवलेली यंत्रे, ज्यांचे भाडे आपण महिन्याला भरतो. अमेझॉनने हा व्यवसाय २००६ साली सुरू केला.

भाड्याची सोय वाईट नाही, भांडवल अडकत नाही. पण पूर्वी इंजिनिअर यंत्र स्वतः उभे करी, डेटाबेसची नक्कल घेई आणि ती परत चढवूनही पाही. आज ही कामे बटणावर होतात. ज्या कारागिराने तयार बीमशिवाय काही पाहिले नाही, त्याला सायझिंगमधला दोष कळत नाही. धागा तुटत राहतो आणि तो मागालाच बोल लावतो. तसेच हे.

खुद्द कंपनीचाच दाखला घ्या. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हर्जिनियात अमेझॉनच्या साठवणुकीच्या सेवेत (एस-थ्री) एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनेच आज्ञा दिली, पण त्यात एक नोंद चुकली. थोडी यंत्रे काढायची होती, ती जास्त निघाली. दोन मुख्य विभाग पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे लागले. कंपनीनेच पुढे सांगितले की, मोठ्या केंद्रांत असे कित्येक वर्षांत केलेले नव्हते आणि दरम्यान पसारा फार वाढला होता. चार तासांहून अधिक वेळ गेला. गंमत अशी की, बिघाड कळवणारा फलकही त्याच सेवेवर अवलंबून होता. सुमारे दोन तास त्यावर नवी नोंद करता आली नाही!

जिथे ती सेवा तयार झाली तिथे ही गत, मग फक्त भाडेकरू असलेल्या इंजिनिअरचे काय? आपल्या मुलांनी क्लाउड जरूर शिकावे, नोकरी त्यातच आहे. पण आधी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे, त्यावर छोटा डेटाबेस चालवावा, मुद्दाम मोडावा आणि नकलेवरून पुन्हा उभा करावा.

गिऱ्हाइकांची उधारी ही आपल्याकडची अमानत आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी आम्ही इंटरनेट बंद करून नक्कल उघडायला लावतो. पहिल्या वेळी ती उघडलीच नाही; तिचा पासवर्ड क्लाउडवरच ठेवलेला होता. आता तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवला आहे.