दूषित हवा, व्यायाम आणि खेळाडूंचा तमक श्वास

‘खेळताना दम लागतो’ अशी तक्रार असलेल्या मुलांना घेऊन पालक चिकित्सालयात येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : खेळ बंद करावा काय? या प्रश्नाचे घाईने होकारार्थी उत्तर देणे आम्हास शास्त्रसंमत वाटत नाही.

हेतुविचार : चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात श्वासाचे हेतू सांगताना धूळ, धूर, वारा, शीत स्थान, शीत जल व व्यायाम यांची गणना एकत्रच केली आहे. महानगरांतील मैदानांवर, विशेषतः हिवाळ्यात, यांतील बहुतेक हेतू एकाच वेळी उपस्थित असतात. विश्रांतीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेते. तीव्र व्यायामात हे प्रमाण १०० लिटरच्याही वर जाऊ शकते. त्यातच तोंडाने श्वास घेतल्याने नाकात होणारे हवेचे गाळणे व उबदार होणे टळते. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचत असल्याने ‘पहाटेची हवा शुद्ध’ हा समजही शहरात नेहमी खरा ठरत नाही.

इथिओपियाचे विख्यात धावपटू हेले गेब्रसेलासी यांना दम्याचा त्रास होता. बीजिंगच्या दूषित हवेच्या भीतीने त्यांनी २००८ च्या ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमधून माघार घेतली; मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिन येथे २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांत मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला. त्यांनी धावणे सोडले नाही. कोठे व केव्हा धावावे याचा विवेक केला. निदानपरिवर्जनाचे याहून बोलके उदाहरण विरळा.

निदान : श्रमाने उत्पन्न होणारा व विश्रांतीने स्वतः शमणारा क्षुद्र श्वास आणि तमक श्वास यांत भेद करणे अगत्याचे आहे. खेळ थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत वाढणारा दम, घुरघुर, कास, पीनस, आडवे झाल्यास त्रास व उष्ण उपचाराने बरे वाटणे ही लक्षणे तमकाकडे निर्देश करतात. छातीत दुखणे, भोवळ वा मूर्च्छा असल्यास हृदयाची तपासणी प्रथम करवून घ्यावी.

चिकित्सा : १) रुग्ण कोठे, किती वाजता व किती वेळ सराव करतो, याची नोंद केसपेपरवर अवश्य करावी. २) २०१५ पासून आपल्या देशात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक प्रसिद्ध होतो. तो १०० च्या वर असता तमकाच्या रुग्णाने सराव सौम्य करावा. २०० च्या वर असता मैदानावरील तीव्र सराव टाळावा, असे आमचे मत आहे. स्पर्धेची तयारी करणाऱ्यास अर्धशक्तीचा नियम नित्य पाळता येत नाही. निदान अशा दिवशी तरी तो पाळावा. ३) सरावापूर्वी १०-१५ मिनिटे अंग हळूहळू तापवावे, थंड हवेत नाकातोंडावर रुमाल घ्यावा. त्याने उष्णता राखली जाते, सूक्ष्म कण मात्र अडत नाहीत. ४) कफप्राधान्य व बल पाहून वमनाचा विचार वसंतात करावा, स्पर्धेच्या तोंडावर नव्हे. ५) रुग्णाचा चालू इन्हेलर आपल्या औषधासाठी बंद करू नये. वेगावस्थेत बोलणे कठीण होणे वा ओठ निळसर दिसणे ही लक्षणे आढळल्यास इन्हेलर देऊन त्वरित रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी : सोमलतेतील एफेड्रीन व कुचल्यातील स्ट्रिक्नीन ही द्रव्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहेत, पैकी एफेड्रीनला लघवीत मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. सोमलतायुक्त श्वासकल्प अथवा विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे कुचलायुक्त कल्प देताना ‘आपण स्पर्धेत उतरता काय?’ हा एक प्रश्न विचारावा. औषध वनस्पतिज आहे, ही सबब चाचणीपुढे टिकत नाही. एका गोळीपायी खेळाडूची अनेक वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

तमक श्वास याप्य आहे, नवोत्थित असता साध्यही आहे. म्हणूनच ‘खेळू नको’ असे सांगण्यापूर्वी हवा, काळ, मात्रा व औषध या चारही बाबी तपासून पाहाव्यात, अशी समस्त वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे.