एकाने घेतलेला बोनस भाग घरातल्या सर्वांना कसा मिळेल?

प्रश्न : प्लेस्टेशन ५ वर मोठ्या मुलाच्या खात्यातून गेमचा बोनस भाग विकत घेतला. धाकट्या मुलीच्या खात्यात तो उघडत नाही. पुन्हा पैसे भरावे लागतील का? (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : डिजिटल खरेदीचा परवाना ती करणाऱ्या खात्याला मिळतो. तो त्या कन्सोलवरच्या सर्व खात्यांना लागू करण्यासाठी प्लेस्टेशन ५ मध्ये ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ ही सेटिंग आहे. ती मुलाच्याच खात्यातून चालू करावी लागते आणि एका खात्याला एका वेळी एकाच प्लेस्टेशन ५ वर चालू ठेवता येते. एक्सबॉक्सवर हेच काम ‘होम एक्सबॉक्स’ करते. ते वर्षात ५ वेळाच बदलता येते.

सेटिंग चालू असूनही भाग उघडत नसेल, तर डिस्क कुठली आहे ते आधी पाहावे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या डिस्कवर भारतीय खात्यातून घेतलेला भाग बहुधा चालत नाही, कारण दोन्ही एकाच विभागाचे असावे लागतात. हे खरेदीपूर्वी तपासणे फार महत्त्वाचे, कारण एकदा डाउनलोड केलेल्या भागाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

गेममधली नाणी मात्र अशी वाटली जात नाहीत; ती विकत घेणाऱ्या खात्यातच जमा होतात. आगाऊ नोंदणीवर मिळणारा बोनस कोड एकदाच वापरता येतो, म्हणून तो शेअरिंग चालू असलेल्या खात्यातच भरावा.