डोळ्यांच्या थेंबांची बाटली घरोघर फिरवू नका



२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली. आमच्या प्रताप नगरच्या बाजूच्या वस्त्यांतही एका घरी आणलेली थेंबांची बाटली चार घरी फिरताना आम्ही पाहिली. आठवड्यात डोळे बरे झाले आणि थेंबांनी गुण आला असे सगळ्यांना वाटले. पण ती साथ मुख्यतः विषाणूंची होती. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तो आजार बहुधा आपोआप ओसरतो.

मग बिघडले काय? अँटिबायोटिक उगाच किंवा अर्धवट वापरले की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. पुढे खरोखर जंतूंची लागण झाली की तेच औषध लागू पडत नाही. स्यूडोमोनास नावाचा जंतू तर बुबुळाची दोन-तीन दिवसांत नासाडी करू शकतो. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या या जंतूची लागण ८१ जणांना झाली. त्यामागे दूषित थेंब होते. १४ जणांची दृष्टी गेली, ४ जण दगावले.

अशा वेळी उपचार कसा होतो? डॉक्टर डोळा बधिर करून जखमेवरचा अंश खरवडून तपासणीला पाठवतात. कोणते औषध त्या जंतूला मारते, हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर जास्त ताकदीचे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा घालावे लागतात. अहवाल आला की गरजेप्रमाणे औषध बदलतात. बरे वाटले म्हणून मध्येच थांबू नका.

हे लक्षात ठेवा :

• डोळा खूप दुखणे, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे, बुबुळावर पांढरा ठिपका : त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयोच्या नेत्र विभागात जा.
• डोळ्यात काडी, कुसळ गेले तर चोळू नका. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नका, जखम चिघळते.
• पाकिटावर लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
• बाटली एकाचीच. टोक डोळ्याला लावू नका. उघडल्याची तारीख लिहा, महिन्यानंतर फेका.
• टॉवेल, उशी, काजळ वेगळे ठेवा. हात साबणाने धुवा.

शेजाऱ्याला मदत जरूर करा; पण बाटली देऊ नका, त्याला दवाखान्यात घेऊन जा.