गरोदरपणात मासे : कोणते आणि किती?

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. घरी सुरमई, मोरी नेहमी असते. माशांतल्या पाऱ्याची भीती बाळगावी का? तळ्यातले मासे बरे का?

उत्तर : मासे बंद करू नयेत, निवड बदलावी.

पाण्यातल्या पाऱ्याचे जिवाणू मिथाइल मर्क्युरी बनवतात. मोठा मासा लहान माशाला खातो, तसतसा हा पारा त्याच्यात साठत जातो. म्हणून मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात तो जास्त असतो. बांगडा, तारली, मांदेलीत कमी. याच पाऱ्याचे मासे खाऊन जपानमधल्या मिनामाता इथे झालेली विषबाधा १९५६ मध्ये उघड झाली. तिथे आईला फारसा त्रास नसतानाही काही बाळे मेंदूचे गंभीर विकार घेऊन जन्मली.

हा पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. धुऊन, तळून किंवा आगळ लावून तो जात नाही.

रोहू-कटला लवकर वाढतात आणि शिकारी नसतात, त्यामुळे त्यांत पारा सहसा कमी असतो. मात्र तळ्यात कारखान्याचे सांडपाणी येत असेल तर शिसे, कॅडमियमचा धोका राहतो. हे धातू मुख्यतः यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत साठतात. ते भाग काढून टाकावेत.

सुनेने मोरी टाळावी, मोठी सुरमई क्वचितच खावी. कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅमपर्यंत खायला हरकत नाही.