व्हिडिओची गाठ आधी सोडा, मग कात्री चालवा

व्यापारी व कारीगर बंधूंनो,

गेल्या रमजानमध्ये आम्ही नव्या साड्यांचा वीस मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढला. मुलाने तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर कापून जोडला व गिऱ्हाइकांना पाठवला. शेवटाकडे आवाज चित्राच्या काही सेकंद मागे पडला होता. परिणाम असा की, एका साडीचा भाव पुढच्या साडीवर ऐकू येऊ लागला. १,३०० रुपयांची साडी ९०० ला मागणारे फोन आले. चूक आमची होती, म्हणून ऐकवलेला भाव आम्ही पाळला. नुकसान झाले, पण जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक धावणारी चित्रे. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. जागा वाचावी म्हणून बहुतेक मोबाइल एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने चित्र दाबून ठेवतात. त्यात काही अंतराने एक फ्रेम पूर्ण असते. मधल्या फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच नोंदलेले असते.

आपल्याकडे माल दाबलेल्या गाठीत येतो. गाठ नेण्या-आणण्यास सोयीची, पण तिच्यावर कात्री चालत नाही. ती सोडून ताके वेगळे करावे लागतात. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. मधली एक फ्रेम दाखवण्यासाठी त्याला मागची पूर्ण फ्रेम शोधून तेथून हिशेब जुळवत यावे लागते. म्हणून एडिटिंग करताना साधा कॉम्प्युटर अडखळतो.

प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या पद्धतींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून काम सुरळीत चालते. मात्र जागा फार लागते. आयफोनचा १०८० चा, सेकंदाला ३० फ्रेमचा एक मिनिट एच.२६५ मध्ये सुमारे ६० एमबी होतो. तोच प्रोरेस ४२२ मध्ये सुमारे १,१०० एमबी होतो. तेव्हा पुढील क्रमाने काम करावे.

१) मूळ फाइल अमानत समजून दुसऱ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवावी. फॉरमॅट बदलल्याने चित्राचा दर्जा वाढत नाही. आखूड पन्ह्याचे कापड धुतले म्हणून त्याचा पन्हा वाढतो काय?

२) आमचा आवाज मागे का पडला? मोबाइल दर सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेतोच असे नाही. उजेड कमी झाला की त्या कमी-जास्त होतात. एडिटिंगच्या काही प्रोग्रामना हे पेलत नाही. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये फ्रेमरेट ३० व ‘कॉन्स्टंट’ निवडून आधी नवी फाइल करावी. दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवावा. आकडा लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी.

३) एवढे करूनही कॉम्प्युटर अडखळला तर प्रॉक्सी करावी, म्हणजे कापण्यापुरती हलकी नक्कल. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. अर्ध्या किंवा पाव आकाराच्या नकलेवर काम करावे. शेवटची फाइल मात्र हँडब्रेकमधून काढलेल्या पूर्ण फाइलवरूनच तयार होईल, याची खात्री करावी.

४) नव्या मोबाइलमधील एचडीआर चित्रीकरणापूर्वी बंद ठेवावे. अशी फाइल नीट बदलली नाही, तर रंग फिके किंवा भडक दिसतात. डाळिंबी साडी दाखवून गिऱ्हाइकाच्या हाती वेगळाच रंग पडला, तर दोष त्याचा नव्हे.

५) काम संपल्यावर पाठवण्यासाठी पुन्हा एच.२६४ ची एमपी-४ फाइल काढावी. ती बहुतेक सर्व मोबाइलवर चालते. थोडक्यात, कापून झाले की माल पुन्हा गाठीत बांधावा.

पाठवण्यापूर्वी व्हिडिओचा शेवटचा मिनिट अवश्य पाहावा. आम्ही पहिलाच मिनिट पाहून समाधान मानले होते. सुरुवातीला न जाणवणारा फरक शेवटी उघडा पडतो. माल कोणता आणि भाव किती, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळले पाहिजे. समोरासमोरच्या सौद्यात आपण ही काळजी घेतोच. मोबाइलवरच्या सौद्यातही तीच घ्यावी. बरकत देणारा अल्लाह आहे.