वने आणि माळराने : वनस्पतींचे पर्यावरणाशी नाते

ऊन असह्य झाले की प्राणी सावली गाठतो, पाणी आटले की दुसरा पाणवठा शोधतो. वनस्पतीला ही सोय नाही. बी जेथे रुजले तेथील पाऊस, माती, वारा, वणवा आणि चरणारी जनावरे यांच्याशी तिला जागेवरच जुळवून घ्यावे लागते. म्हणूनच एखाद्या भूभागावर आपोआप काय उगवते, यावरून तेथील निसर्गाची ओळख पटते. गावाच्या गायरानावर काय लावावे आणि काय लावू नये, हे ठरविताना ही ओळख अत्यंत उपयोगी ठरते.

एका जिल्ह्यातील दोन सृष्टी

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील फलटण सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथील पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. महाबळेश्वरला जांभूळ, अंजनी, पिसा यांची सदाहरित वने आढळतात. त्यांची दाट पालवी जमिनीवर फारसे ऊन पोहोचू देत नाही. त्यामुळे तेथे सावलीत तग धरणारी रोपेच वाढतात. विदर्भातील साग मात्र कोरड्या ऋतूत पाने गाळतो व बाष्पीभवनाने होणारी पाण्याची हानी टाळतो. गळलेली पाने कुजून मातीला अन्नद्रव्ये परत मिळतात.

गवताचे सामर्थ्य

कमी पाऊस, उथळ मुरमाड जमीन आणि प्रखर ऊन असलेल्या दख्खनच्या माळावर गवताचे राज्य असते. हिवर, खैर, बोर अशी झाडे तेथे विरळ उभी असतात. पवन्या, मारवेल, कुसळी ही येथील प्रमुख गवते. कडक उन्हात कमी पाणी खर्चून अन्न तयार करण्याची विशेष प्रक्रिया त्यांच्या पानांत चालते. बहुवार्षिक गवताचे वाढीचे कोंब जमिनीलगत असतात. त्यामुळे पाने चरली गेली किंवा वणव्यात जळाली, तरी ते पुन्हा फुटते. तंतुमय मुळांचे दाट जाळे माती धरून ठेवते. कुसळीचे कुसळ दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पिळले जाते आणि या फिरण्याने टोकदार बी मातीत शिरते.

दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय गवतांच्या पाहणीत गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार सांगितले. त्यांपैकी पवन्या व मारवेल यांचा प्रकार द्वीपकल्पाच्या मोठ्या भागात आढळतो.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

झाडे नाहीत म्हणून माळरानाला पडीक समजण्याची प्रथा जुनी आहे. त्यातून माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारख्या परदेशी वृक्षांची दाट लागवड करण्यात आली. उन्हावर पोसणारे गवत अशा सावलीत विरळ होते. परिणामी चारा घटतो. उघड्या माळावर जगणाऱ्या पशुपक्ष्यांचा आसराही जातो. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये, तर बारामती तालुक्यातील चिंकाऱ्यांसाठीचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. या दोन्ही प्राण्यांचे जीवन मोकळ्या माळाशी निगडित आहे.

दुसरा धोका अतिचराईचा. सततच्या चराईने प्रथम पवन्या, मारवेल ही रुचकर गवते नाहीशी होतात, मग कुसळी पसरते आणि अखेरीस निकृष्ट वार्षिक गवते उरतात. हा क्रम ओळखता आला, तर माळाची प्रकृती कळते.

पंचायतीने काय करावे

लागवडीचा ठराव करण्यापूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस गायरानाची पाहणी करावी. जाणत्या पशुपालकांकडून गवतांची नावे नोंदवावीत. शाळेतील विद्यार्थ्यांनाही या कामात सहभागी करून घ्यावे. जेथे बहुवार्षिक गवत टिकून आहे, तेथे दाट वृक्षलागवड टाळावी. गायरानाचे भाग पाडून आळीपाळीने चराई ठेवावी व प्रत्येक भागातील गवताला बी धरण्यास अवधी द्यावा. कुसळीचा चारा मात्र कुसळे येण्यापूर्वीच कापावा, अन्यथा जनावरांच्या तोंडाला इजा होते. वृक्ष हवेतच, त्यांच्यासाठी ओढ्याचे काठ, बांध, रस्त्यांच्या कडा व शाळेचे आवार या जागा योग्य होत. वनाला वृक्ष आणि माळाला गवत राखले, तरच गावाला सावली व चारा दोन्ही मिळतील.