प्लग बसला म्हणून जोडायचा नसतो गं!

माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढलास, मुलं खूश झाली, आणि नेमका एकच रिमोट चालतोय ना? दुसऱ्याचं डावं बटण कितीही दाबलं तरी मारिओ जागचा हलत नाही. त्यात कुणीतरी सुचवलं, ‘अगं, आमच्याकडे सेगाचा पडलाय, तो लाव की!’ आता वायर हातात धरून तू विचार करत बसली असशील, लावू की नको? लावला आणि जळलं तर?

आधी शांत हो बघू. तू घरातलं मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं सांभाळतेस, हे तर त्याहून सोपं आहे. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की कर. प्लगचा आकार बघून काहीही ठरवायचं नाही, आतल्या तारा काय काम करतात ते बघायचं. दुसऱ्या कंपनीची रिंग कुकरच्या झाकणात बसते, पण वाफ धरत नाही, तसंच आहे हे.

सगळ्यात सोपं घराणं अटारीचं. १९७७ साली अटारी २६०० आला, त्याच्या जॉयस्टिकला नऊ पिनांचा प्लग होता. आत काय, तर पाच साधे स्विच. चार दिशांचे चार आणि गोळी मारायचा एक. दाबलं की ती तार ग्राउंडला टेकते, संपलं काम. इतकं सरळ असल्यामुळे पुढे कमोडोर ६४ आणि अमिगा हे संगणक, सेगाचा मास्टर सिस्टीम आणि मेगा ड्राइव्ह या सगळ्यांनी तोच नऊ पिनांचा प्लग घेतला. म्हणून मेगा ड्राइव्हचं तीन बटणांचं पॅड आजही अटारीला लावलं तर चालतं. त्यातलं ‘बी’ बटण गोळीचं काम करतं. अटारीची ती कडक काठी मनगटाला जड जात असेल, तर हा उपाय फार छान आहे बघ. मेगा ड्राइव्हचं पॅड मास्टर सिस्टीमवरही बहुतेक गेमना चालतं, काही मोजके गेम तेवढे अडून बसतात.

पण इथेच एक खड्डा आहे. मेगा ड्राइव्हचं तेच पॅड कमोडोर ६४ ला मात्र सरळ लावू नकोस. त्याला बटणं जास्त, म्हणून आत एक चिप आहे आणि ती स्वतः तारांवर सिग्नल सोडते. कमोडोरमध्ये कीबोर्ड आणि जॉयस्टिक एकाच चिपच्या त्याच तारांवर आहेत. दोन्हीकडून एकाच तारेवर जोर लागला, तर कमोडोरची ती चिप खराब होऊ शकते. तिथे मास्टर सिस्टीमचं पॅड वापर, त्यात नुसते स्विच आहेत, त्यामुळे काळजी नाही.

आता तुझ्या माळ्यावरच्या गेमकडे येऊ. आपल्याकडे १९९० च्या दशकात घरोघरी आले ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. पिवळी नाहीतर काळी कॅसेट खुपसायची आणि कॉन्ट्रा खेळायचा, तेच ते. खऱ्या फॅमिकॉमचे रिमोट १९८३ पासून यंत्रालाच कायमचे जोडलेले असायचे. नकला करणाऱ्यांनी मात्र अनेकदा तो नऊ पिनांचा प्लग लावला, कारण तो सहज मिळायचा. बाहेरून बघशील तर हुबेहूब सेगाचा वाटेल. आत मात्र सगळं वेगळं, वीज कुठल्या पिनेवर येते तेही वेगळं. म्हणून त्याचा रिमोट सेगाला लावायचा नाही, आणि सेगाचा त्याला लावायचा नाही. चालणार तर नाहीच, वर यंत्राला इजा व्हायची भीती. इतकंच काय, एका नकलेचा रिमोट दुसरीला चालेलच असंही धरून चालू नकोस.

हिरमुसू नकोस, तुझ्यासाठी वेगळा मार्ग आहे आणि तो मला फार आवडतो. निन्टेन्डोच्या रिमोटमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. वीज, ग्राउंड आणि तीन सिग्नलच्या तारा, बस, पाचच. यंत्र विचारतं आणि रिमोट एकेका बटणाची अवस्था ओळीने सांगत जातो. आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि शेवटी चार दिशा. १९९० साली सुपर फॅमिकॉम, म्हणजेच सुपर निन्टेन्डो आला, बटणं वाढली, पण निन्टेन्डोने ही ओळ मोडली नाही. पहिली आठ उत्तरं त्याच क्रमाने ठेवली, नवी बटणं मागे जोडली. त्यामुळे सुपर निन्टेन्डोचं पॅड जुन्या निन्टेन्डोला जोडलं, तर जुनं यंत्र आठ वेळा विचारतं आणि थांबतं. बी बटण ‘ए’ चं काम करतं, वाय बटण ‘बी’ चं. मधे प्रोग्रॅम नको, चिप नको. प्लगचे आकार वेगळे, तेवढ्या पाच तारा नीट जोडायच्या. तुझ्या नकलेलाही हीच पद्धत लागू पडते.

हे काम तुला जमेल, किंवा टीव्ही दुरुस्त करणारा सहज करून देईल. फक्त तारांच्या रंगावर विसंबायचं नाही गं! लाल म्हणजे वीज असेलच असं नाही. मल्टिमीटर घे, प्रत्येक पिनेपासून आतल्या बोर्डापर्यंत तार तपास, कागदावर लिहून काढ आणि मगच सोल्डरला हात लाव. आणि जोडताना-काढताना यंत्र बंदच हवं, यात सूट नाही.

प्लेस्टेशनवाल्यांना हा त्रास कमी. पहिल्या प्लेस्टेशनचा आणि प्लेस्टेशन २ चा प्लग एकच, रिमोट एकमेकांना चालतात. प्लेस्टेशन २ चे काही गेम तेवढे त्याचाच ड्युअलशॉक २ मागतात. पण प्लेस्टेशनचा रिमोट निन्टेन्डोला नुसत्या तारा जोडून लावायला जाऊ नकोस. त्यांची भाषा वेगळी आणि विजेचा दाबही वेगळा, एकीकडे साधारण साडेतीन व्होल्ट, दुसरीकडे पाच. तिथे मधे चिप असलेला तयार अडॅप्टरच हवा. आता ब्लूटूथवाले अडॅप्टरही मिळतात, नवा बिनतारी रिमोट जुन्या यंत्राला जोडता येतो. घेताना बटण दाबल्यावर उशीर किती होतो ते विचार. उडी वेळेवर लागली नाही तर मुलं चिडतील आणि तूही. नव्या टीव्हीवर खेळत असाल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू कर, बराचसा उशीर अनेकदा टीव्हीचाच असतो.

आणि खरं सांगू का, पैसे काढायच्या आधी तो बिघडलेला रिमोट एकदा उघड. मागचे स्क्रू काढ, आत रबराचा तुकडा आणि त्यावर काळे ठिपके दिसतील. वर्षानुवर्षांची धूळ आणि हाताचा चिकटपणा तिथे साचतो आणि बटण मुकं होतं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बोर्डावरची जागा पूस. रबर मात्र हलक्या हाताने पूस, काळा थर निघता कामा नये. तरीही नाही चाललं, तर रिमोटमध्ये शिरते तिथे वायर दुमडून बघ. वाकून वाकून तार बहुधा तिथेच तुटते, तेवढा भाग कापून नव्याने जोडला की रिमोट पुन्हा उभा राहतो.

म्हणून आज एवढंच कर. सेगाचा रिमोट ज्याचा त्याला परत दे, आणि आपल्याच रिमोटचे स्क्रू काढायला घे. जमेल तुला.